‘जतन झालं’ असं खोटं सांगणारा पडदा

रक्ततपासणीच्या लॅबमध्ये संगणक सांभाळणाऱ्या बाईला सगळे पाठीमागे ठिणगी म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि त्याचं तिला काही वाटत नसे.

संगणकात नवी वेगवान डिस्क, एसएसडी, बसवूनही रिपोर्ट रखडतच होते. प्रत्येक आकडा वेगळा लिहायचा आणि त्याची पोच येईपर्यंत थांबायचं, असा त्या प्रोग्रॅमचा खाक्या. ठिणगीने दुरुस्तीला आठवडा मागितला. व्यवस्थापक साहेबांना कुठला दम! ती रजेवर असताना त्यांनी बाहेरच्या माणसाकडून परस्पर एक सेटिंग बदलून घेतलं. आता रिपोर्ट मेमरीत थांबायचे आणि अर्ध्या तासाने एकदम डिस्कवर जायचे. पडद्यावर मात्र लगेच ‘जतन झालं’. काम भन्नाट पळू लागलं, साहेबांची पाठ थोपटली गेली.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी वीज गेली. यूपीएसनेही मान टाकली. मेमरीत थांबलेले एक्केचाळीस रिपोर्ट गायब! मोठ्यांचं उरलेलं रक्त पुन्हा तपासता आलं. पण अकरा तान्ह्या बाळांचे थेंबभर नमुने केव्हाच संपले होते.

ठिणगी त्याच दिवशी कामावर परतली होती. सेटिंग पाहताच तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“यंत्र बिघडलं म्हणून सांगा,” साहेब म्हणाले.

“यंत्र ठणठणीत आहे. माल खिशातच ठेवून ‘पोचला’ म्हणायला त्याला तुम्ही शिकवलंत!”

“आवाज खाली, बाई.”

“बाळं रडतील तेव्हा त्यांनाही हेच सांगा!”

बाहेर एक आई बाळाच्या टाचेवरचा कापूस धरून उभी होती. “परत टोचणार? का हो?”

ठिणगीने तिला खरं ते सगळं सांगितलं.

मग तिने आठवडाभर खपून काम नीट लावलं. वारंवार लागणारे जुने रिपोर्ट वाचण्यापुरते मेमरीत ठेवले. नवे आकडे छोट्या गठ्ठ्यांनी डिस्कवर पाठवले, आणि ते तिथे खरोखर पोचल्याशिवाय पडद्यावर पोच दाखवायची नाही, असं करून टाकलं. वेग पहिल्यापेक्षा चौपट झाला.

आणि नोटीस कोणाला? तिलाच! बाहेरच्यांपुढे तोंड उघडल्याबद्दल.

“आधी त्या अकरा घरी माफीची पत्रं जाऊ द्यात,” ती साहेबांना म्हणाली, “मग देते उत्तर.”

पत्रं गेली, साहेबांच्या सहीने. नोटिशीला उत्तर तिने अजून दिलेलं नाही.