नाकातला कापूस

माह्या हातून झालेला येडेपणा सांगाले मले आजही लाज वाटते. पण चहा तुमी पाजून राह्यले, मंग ऐका.

जानेफळात माही पिठाची गिरणी. शेजारी गोदाकाकू अन् तिचा एकुलता एक दत्ता पहिलवान. आशियातल्या साऱ्या देशांचे खेळ भरतात न, तिथं त्याले फ्रीस्टाइल कुस्तीत उतराले भेटलं. सारं गाव नाचलं. मले मात्र कुस्तीतलं ओ की ठो समजत नाई.

त्या दिवशी दुपारी त्याच्यासंग गेलेल्या सलीमचा फोन आला. इकडं गिरणीची घरघर, तिकडं त्याचा रडवेला आवाज.

"भाऊ, दत्ता गेला."

"गेला?"

"हाव. नाकातून लय रक्त आलं. पाठ टेकली अन् दोन मिनिटात गेला. काकूले तुमीच सांगा."

फोन कटला. पुन्हा लावला तं लागेच ना. आता तुमीच सांगा, आपल्याकडं माणूस 'गेला' म्हणजे काय?

म्या गिरणी बंद केली अन् चार घरी सांगतलं. तासाभरात काकूची बैठक भरली. तिले वाटलं, लोक टीवीवर पोराची कुस्ती पाहाले आले. पण लाईन गेली होती, टीवी बंद. वेचणीचा कापूस खिडकीच्या वरपर्यंत रचलेला, म्हणून भर दुपारी खोलीत अंधार. त्या अंधारात पंधरा माणसं खाली मान घालून बसलेली, अन् काकू हसत हसत सगळ्यायले चहा देऊन राह्यली.

"लाईन आली का दिसते माहा दत्ता," ती म्हणे.

कोणी कप उचलेना. भिंतीवर दत्ताचा गदा घेतलेला फोटो. मी सरकलो का त्याचे डोळेही सरकत. वारा पानालेही हलवत नव्हता, तरी दोरीवरचा त्याचा लंगोट हलला. देवाशपथ हलला! माह्या अंगावर काटा आला.

सगळे माह्याकडं पाहून राह्यले. सांगणं तं भाग होतं. मी उठलो.

"काकू, आपला दत्ता..."

एवढं म्हणलो अन् टक्क! टीवी आपोआप लागला. आवाज नाई, नुसता निळा उजेड. त्या उजेडात दत्ता. तोंड पांढरंफटक, अन् दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे!

नाकात कापूस कोणाच्या घालतात, हे तुमाले सांगू का? तो वाकला, दोन्ही हात पुढं केले अन् सरळ आमच्याकडं चालत आला.

मंग मी काय केलं? डोक्यासकट कापसाच्या ढिगात घुसलो. बाहेर कप फुटले, बाया किंचाळल्या, मंग सारं चिडीचूप. मी आत रामनाम घेऊन राह्यलो. बऱ्याच वेळानं खिशातला फोन वाजला. सलीम.

"भाऊ, दत्ता वापस आला!"

मी ढिगात अजून आत सरकलो. तो सांगतच होता, "सकाळी ज्यानं पाडलं तो फायनलले गेला, म्हणून दत्ताले पुन्हा कुस्ती भेटली. नाकात बोळे घालून खेळला पोट्टा. ब्राँझ मारलं!"

म्हणजे सकाळी दत्ता नुसता हरला होता.

मी हळूच बाहेर रांगत आलो. केसांत कापूस, कानांत कापूस, अन् नाकात तं गच्च. म्या गावभर काय सांगतलं, ते एव्हाना कोणीतरी काकूच्या कानावर घातलं होतं. तिनं डोळे पुसले. टीवीतल्या लेकाकडं पाह्यलं, मंग माह्याकडं.

"माहा दत्ता तं जिता हाये," ती म्हणे. "मंग हे मढं कोणाचं?"