खाट एक, पाळ्या दोन

आमच्या मावशीला रिकामी खाट बघवत नसे. काळाचौकीच्या तिच्या खोलीत गिरणीतली माणसं पाळीपाळीने झोपायची. एक कामावर निघाला की दुसरा येऊन त्याच खाटेवर आडवा व्हायचा. उठणाऱ्याने चादर झटकून जायचं आणि दुसऱ्याच्या ट्रंकेला हात लावायचा नाही, एवढेच तिचे नियम. चाळ तिला पाळीमावशी म्हणायची.

संपात ही माणसं गावी गेली ती बरीचशी परतलीच नाहीत. त्यांच्या ट्रंका मावशीने माळ्यावर चढवल्या आणि कोणी कितीही सांगितलं तरी काढल्या नाहीत. "माणूस गावाक गेलो म्हणान त्येची जागा गेली काय?" असं ती विचारायची.

पुढे तिच्या बहिणीची आम्ही दोन मुलं, दादा आणि मी, त्याच खोलीत राहिलो. दादाने एक जुना संगणक आणला. विंडोजवर तो छापखान्यांना लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवून द्यायचा आणि त्यावर घर चालायचं. मला कॉलेजसाठी त्यावर विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, लिनक्स, हवी होती. "हात लावलास तर बघ," दादा म्हणाला. "माझं काम पुसलं गेलं तर खायचं काय?" आमचा अबोला सुरू झाला.

मावशीने मला गाठलं. "दोनय एकदम चलतत?"

"नाही. चालू करताना एक निवडायचं. तेव्हा दुसरं झोपलेलं असतं."

"मगे भांडतास कित्याक? खाट एक, पाळ्यो दोन. आधी त्येची ट्रंक बाजूक ठेव."

मी दादाच्या सगळ्या पत्रिका सीडींवर उतरवल्या, हार्ड डिस्कचे दोन भाग केले आणि मोकळ्या भागात लिनक्स टाकलं. मावशी स्टुलावर पहाऱ्याला बसली होती. दादा गॅलरीत पाठ फिरवून उभा होता. संगणक पुन्हा सुरू झाला, पडद्यावर निवडीची यादी आली. रोमन अक्षरांत मी नावं दिली होती, पहिली पाळी आणि दुसरी पाळी. पहिली निवडली. दादाच्या पत्रिका जागच्या जागी होत्या. तो आत आला, बघितलं आणि म्हणाला, "चहा टाक."

दुसऱ्याच दिवशी दुपारी तीनच्या ठोक्याला मावशीने भिंतीवरचं बटण बंद केलं. "पाळी सुटली," ती म्हणाली. अर्धी पत्रिका नवरदेवासकट उडाली. दादा चिडायच्या ऐवजी पोट धरून हसला. तेव्हापासून बटणापाशी जाण्याआधी ती विचारायची, "चादर झटकलंस मां?"

लग्नानंतर दादा कल्याणला गेला. तिथे त्याने नवा संगणक घेतला, त्याचं येणं कमी होत गेलं, मग फोनही. डिस्कवरचा माझा भाग भरत आला होता. दादाचा भाग पुसतो म्हटलं, तर भाजी निवडता निवडता मावशी म्हणाली, "तो इल्यार खंय निजतलो?" मला तिचा रागच आला. पण पुसलं नाही.

मावशीच्या तेराव्याला दादा आला. पंगती उठल्या, माणसं पांगली. दादा सवयीने संगणकासमोर बसला आणि त्याने पहिली पाळी निवडली. सगळ्या पत्रिका होत्या, ती अर्धवट उडालेली पुन्हा जुळवलेलीसुद्धा.

मग त्याने सगळं नीट बंद केलं, रुमालाने कीबोर्ड झटकला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस. तुझी पाळी."