उंबऱ्याशी अडलेली खुर्ची

आज फार दमलेय. मी एका ख्रिस्ती संस्थेत चाकाच्या खुर्च्या माणसाच्या मापाने बसवून देते. दुपारी भांडगावात एका आजींची खुर्ची दारातल्या उंच लाकडी उंबऱ्याशी अडली. उतार करायला आत जागा नव्हती.

“उंबरा कापावा लागेल,” मी म्हणाले.

“न्हाई मॅडम, रोज पुजतो आमी,” त्यांचा मुलगा म्हणाला.

खुर्चीतून आजी बोलल्या, “पुजत कोण व्हतं रं? मीच नव्हं? पाय गेल्यापास्नं अंगण बघितलं न्हाई. आण करवत.”

मुलाने उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, मग करवत चालवली. आजी अंगणात गेल्या.

उद्या शिरूरजवळच्या घरी जायचंय. तिथलाही उंबरा असाच उंच आहे. खुर्ची ज्यांच्यासाठी आहे त्या बाईंना माप घेताना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नवऱ्यानेच दिलं होतं. तिथं मी कुणाला विचारू?