वीतभर भिंतीचा ओळंबा

आमच्या पांढरकवड्याच्या गल्लीतला हा जळालेल्या मोटरींत तार भरणारा रविवारी मित्रांसोबत टेबलावर बोटाएवढ्या सैनिकांची लढाई खेळतो. किल्ल्याचे दगड तो फोमचे करतो. धाब्यावरच्या रोट्यांचा चांदीचा कागद चुरगळून खडबडीत ठसा उठावा म्हणून फोमवर दाबतो, काळा रंग देतो आणि दर दगडामागे मला विचारतो, "जमला ना, मिस्त्री?"

परवा त्याची भिंत पाहून मी जन्माचा गवंडी बोलून गेलो, "उभे सांधे एकावर एक आले ना बाप्पा! पडन हे."

आता फोमची भिंत कायले पडते? पण त्यानं अख्खी उखडली.

आज नवी भिंत दाखवत म्हणाला, "आता पाहा बरं, मिस्त्री."

भिंत वीतभर. मी थैलीतून ओळंबा काढून भिंतीशी धरला. तो हलायचा थांबेपर्यंत आम्ही दोघंही श्वास रोखून उभे होतो.