आजीचं पान कोणत्या दिवशी

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ऐंशी ओलांडल्यावर एकच प्रश्न छळू लागला. आपली आई आधी गेली की बाप? ते चार वर्षांचे असताना साताऱ्याकडच्या आमच्या गावात तापाची साथ आली आणि दोघंही एकाच महिन्यात गेली. चुलत्यानं सांभाळलं, पुढे त्यानंच मुंबईला आणलं. आबांनी हयातभर मार्केटात पोती वाहिली, सानपाड्यात घर केलं, पण ही गोष्ट कुणाला विचारायची राहूनच गेली. आता विचारावं असं कुणी उरलेलं नाही.

प्रश्न पितृपंधरवड्यात अडतो. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान नवमीला वाढतात, त्या पानावर सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. नवऱ्यामागं गेलेलीला तो मान नाही. आबांना काहीच माहीत नसल्यामुळे ते दोघांचंही पान सर्वपित्री अमावास्येला वाढत आले. माझी आई आबांच्या आधी गेली, म्हणून तिचं पान मात्र नवमीला. "तुज्या आईच्या शेजारी माज्या आयचं बी पान असावं," असं ते दर वर्षी म्हणायचे.

या सवाष्णपणाचा मला राग आहे, लपवून काय करू. माझा नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून मी आबांकडेच असते. नवमीला खिरीपासून वड्यांपर्यंत सगळं मी करायचं आणि पाटावर बसायचं खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं. बाई चांगली आहे, कधी जेवणाला नावं ठेवत नाही. तरी तिला वाढताना दर वर्षी माझं तोंड आंबट होतं.

पण म्हाताऱ्याचा जीव अडकलेला. मी गावच्या चुलतभावाला फोन केला. सध्या जातीच्या दाखल्यासाठी अर्धा तालुका तहसीलात आपापले पणजोबा शोधतोय. त्या गर्दीत तोही घुसला आणि जन्ममृत्यूच्या जुन्या वहीतल्या एका पानाचा फोटो त्यानं मला पाठवला. लिपी मोडी, आम्हा दोघांनाही ढिम्म कळेना. तिथल्या जाणकारानं आमच्या दोन नावांपुढे पेन्सिलीनं खुणा तेवढ्या केल्या होत्या. वरचं नाव आजीचं, खालचं आजोबांचं, एवढंच त्यानं सांगितलं होतं.

वर म्हणजे आधी, असं मी धरून चालले आणि आबांना लगेच सांगून टाकलं. त्यांनी माझा फोन दोन्ही हातांत धरून ते पान कितीतरी वेळ बघितलं. संध्याकाळी काठी टेकत बाहेर पडले आणि हिरवं लुगडं घेऊन आले. शेजारणीला नवमीचं आवतणही स्वतःच देऊन आले.

चार दिवसांनी सगळं पान वाचून घ्यावं म्हणून मी जुईनगरच्या एका निवृत्त मास्तरांकडे गेले. ते मोडी शिकवतात. फोटो मोठा करून त्यांनी सावकाश बोट फिरवलं.

"ताई, हा नोंदीचा क्रम आहे, मरणाचा नाही. कोतवाल जसं येऊन सांगेल तसं पाटील लिहायचे. मृत्यूची तारीख या पलीकडच्या रकान्यात आहे. तुमचे आजोबा नऊ दिवस आधी गेले. आजींच्या नावापुढे बेवा लिहिलंय."

बेवा म्हणजे विधवा. नऊ दिवसांची, तरी सरकारी वहीनं तिला तेवढ्यात गाठलंच. कधी न पाहिलेल्या त्या बाईची मला फार माया आली.

परत येताना गप्पच बसायचं मी ठरवलं होतं. ती वही पुन्हा कोण उघडणार होतं? पण दार उघडता उघडताच आबांनी विचारलं, "मास्तर काय म्हनले?" आणि माझ्यानं थाप मारवेना. सगळं सांगितलं.

ते खुर्चीत बसले. आपण फार वाईट केलं, असं मला वाटत होतं. मग आबा म्हणाले, "म्हंजी बा गेल्यावर नऊ दिस मी तिच्यापाशीच असनार."

"असणारच की."

"मलाबी ताप होता तवा. कपाळावर कुनाचा तरी वला हात आठवतोय. इतकी वर्सं चुलतीचा धरून चाललो." एवढं बोलून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

नवमीला आईचं एकटीचंच पान वाढलं. शेजारीण जेवून गेली. हिरवं लुगडं कपाटातच होतं, दुकानात परत देऊन येऊ का, असं मी एकदा विचारलं, तर आबांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

अमावास्येला दोन पानं वाढली. आजोबांच्या पानावर गाववाले एक काका बसले. आजीच्या पानापुढे आबांनी स्वतः पाट मांडला आणि मला म्हणाले, "बस."

"मी?"

"आय गेली तवा तुज्यासारखीच हुती. तिच्या पानावर दुसरं कोन बसनार?"

मी बसले. त्यांनी ते लुगडं आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

"आबा, हिरवं आहे."

"दिसतंय मला," ते म्हणाले. "जेव."