ताईंच्या दवाखान्यातला सोमवार

डॉक्टर सुनंदाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्टुलावर चढून दवाखान्यातला पंखा पुसत होत्या. मी विचारलं, "बाई, डॉक्टर कधी येतील?" त्या म्हणाल्या, "आल्याच, हात धुताहेत." आणि हात धुऊन समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या. मला कुठं तोंड लपवू असं झालं. ताईंचं लक्ष मात्र माझ्यामागं उभ्या असलेल्या दीपालीकडं होतं. "बस ना. थंडी वाजतेय का तुला?" एप्रिल महिना होता आणि पोरीच्या अंगात स्वेटर होता. तो स्वेटर आम्ही महिनाभर रोज बघत होतो. विचारलं कुणीच नव्हतं.

ताईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होताहेत. त्यांच्या विद्वत्तेबद्दल या गौरवाच्या पुस्तकात शिकलेली माणसं लिहितीलच. मी चौथी पास. मखमलाबादकडच्या मळ्यात शेवंती आणि मेथी काढण्यात माझा जन्म गेला. पण ताईंबद्दल सांगितल्याशिवाय मला चैन पडेना. एवढं लिहितानासुद्धा दोनदा उठले, एकदा गॅसवर दूध आहे म्हणून आणि एकदा उगाचच.

दीपाली माझी नात, माझ्या रामदासची थोरली. तेव्हा नववीत होती. एका हळदीत नात्यातली बाई तिला सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं, मळ्यातल्या भोपळ्यावानी फुगलीस!" सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू. त्यानंतर पोरीनं सोमवार धरला. मला कोण आनंद! मीच तिला कपालेश्वराला घेऊन जायचे. मग गुरुवार आला, शनिवार आला, चतुर्थी, एकादशी आली. फुलबाजारात मी गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमची दीपा लय देवाची हाय." पोर वाळत चालली होती आणि मी तिचं कौतुक वाटत फिरत होते. शाळेत चक्कर येऊन पडली, तेव्हा तिच्या वर्गाच्या बाईंनी ताईंचा पत्ता दिला. ताई मनाच्या डॉक्टर. शेजारणी कुजबुजल्या, पोरीला वेड लागलं की काय म्हणून. कुजबुजू द्या.

पहिल्याच दिवशी आम्ही ताईंसमोर भांडलो. मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई, हिच्या आईच्या हाताला चव नाय."

माझी सून शोभा एरवी गरीब, पण त्या दिवशी उसळली. "आणि आत्याबाई, तुम्ही दिवसभर 'खा गं, खा गं' करून जीव खाता, ते?"

रामदास म्हणाला, "दोन थोबाडीत दिल्या की जेवंल."

ताईंनी आम्हांला दमेस्तोवर बोलू दिलं. मग म्हणाल्या, "आजार कुणी आणला हे शोधायला मी बसलेली नाही. दीपालीला जेवतं करायचंय. मला एकटीला ते जमणार नाही. तुम्ही तिघं लागाल." आम्ही तिघं एकमेकांकडं बघायला लागलो. आम्ही एकमेकांना लागतो, असं आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं.

ताईंची रीत वेगळीच. दर आठवड्याला दुपारी आम्ही डबा घेऊन जायचं, मागच्या खोलीत सतरंजीवर बसून जेवायचं. ताईही त्यांचा डबा घेऊन शेजारी बसत. आग्रह करायचा नाही आणि पोरीच्या ताटाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, एवढी त्यांची अट. आता आमच्याकडं पाहुण्याला तीनदा नको म्हटल्यावर चौथ्यांदा वाढलं नाही, तर तो गावभर सांगतो! मी आपली विहिरीवरची मोटार जळाल्याचं सांगत बसायचे आणि डोळा दीपाच्या ताटात. ताई हळूच म्हणायच्या, "आजी, मोटार तिकडं नाहीये." दीपासुद्धा एकदा खुदकन हसली होती त्यावर.

एकदा आमची पाळी सोमवारी आली. शोभानं भाकरी, मेथी, मुगाची आमटी वाढली. ताईंनी विचारलं, "आजींचं ताट?"

"मला नाय चालत. आज माझा सोमवार."

दीपानं तिथल्या तिथं ताट पुढं सरकवलं. "मग माझा पण."

रामदासचा चेहरा लालबुंद झाला. ताईंनी त्याला हातानंच थांबवलं. देवाधर्माबद्दल त्या एक शब्द वावगा बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "आजी, हा उपवास तुम्ही कधी धरलात?"

"रामदास पोटात होता तेव्हा. आधीची दोन गेली होती. हे तरी पोर जगावं म्हणून."

"पोर जगावं म्हणून," ताई म्हणाल्या, आणि आपला घास घेतला.

माझ्यानं बसवेना. उठून व्हरांड्यात गेले, परत आले, पुन्हा गेले. तापानं फणफणले होते तेव्हा सोमवार मोडला नव्हता, मालक गेले त्या आठवड्यातही नाही. आता मोडला आणि देवाचा कोप या पोरीवरच झाला तर? पण न मोडता तरी कुठं वाचत होती ती? आत येऊन म्हटलं, "शोभा, वाढ मला."

शोभा बघतच राहिली.

"वाढ गं, हात का थांबला?"

दीपा रडायला लागली. "आजी, नको ना! माझ्यासाठी नको मोडू."

"मी जेवते, मग तू बी..." मी सुरू केलं, तोच ताईंनी अडवलं. "सौदा नको, आजी. तुम्ही नुसतं जेवा. ती तिचं बघेल."

जेवले.  दीपानं त्या दिवशी चतकोरही भाकरी खाल्ली नाही, पण ताट परत जवळ ओढलं. आमच्या घरातलं उपवासाचं कौतुक त्या दिवशी संपलं, तशी पोरीची लपायची जागा गेली.

ताईंनी जादू केली असं कुणी समजू नये. दहावीच्या परीक्षेआधी पोर पुन्हा घसरली. इस्पितळात सलाईन लावायची वेळ आली. मी व्हरांड्यात ताईंना नाही नाही ते बोलले. "एवढं तुमचं ऐकलं, देवाचा सोमवार सोडला, काय झालं त्याचं?" ताई माझ्याशेजारी बाकावर बसल्या. म्हणाल्या, "आजी, मलाही आज भीती वाटतेय. पण मी इथून हलणार नाही." डॉक्टर असून असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मला बाकावर बसवेना, मी फाटकापर्यंत चकरा मारायला लागले. ताईंनी पायांत चपला सरकवल्या आणि माझ्याबरोबर चकरा मारल्या. किती, ते मोजलं नाही. पुढं सुट्टीच्या दिवशी त्या मळ्यात यायच्या, दीपाबरोबर शेवंती खुडायच्या. खुडणं काही जमायचं नाही त्यांना, देठच हातात यायचे. दीपा त्यांना शिकवायची. शिकवता शिकवता बोलायला लागली.

अकरावीत असताना एका संध्याकाळी ती कॉलेजातून आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आई, भूक लागलीय. काय आहे?"

मी आणि शोभा एकदमच स्वयंपाकघराकडं धावलो आणि दारात एकमेकींवर आपटलो. ताईंनी बजावलं होतं, गाजावाजा करायचा नाही. शोभानं सकाळची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. मी कोथिंबीर आणायच्या निमित्तानं वाफ्यात गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. मग शेजारच्यांच्या फोनवरून ताईंना कळवलं.  ताई म्हणाल्या, "आजी, पुन्हा सांगा. तिचे शब्द कसे होते, तेच सांगा." मी तीनदा सांगितलं.

आज दीपाली नाशकातच शाळेत शिकवते. तिला लेक झालीय, सहा महिन्यांची, आणि भूक लागली की अशी किंचाळते की अख्खा मळा ऐकतो. मी तिला उचलून नाचते.

पण ताई, माझ्या जिवाला अजून स्वस्थता नाही. आजही कुठल्यातरी घरात एखादी पोर ताट सरकवत असेल आणि तिची आजी शेजारणींना तिचे उपवास मोजून दाखवत असेल. त्या बाईला तुमचं दार उघडं मिळायला हवं. म्हणून तुमचे गुडघे धड राहोत, डोळे नीट राहोत, आणि माझं उरलेलं आयुष्य तुम्हाला लागो. तुम्ही पुष्कळ जगा. अजून पुष्कळ जणी यायच्या आहेत.