पुरवंताची टाच

आमचे अप्पा पुरवंत. उदगीर-जळकोटच्या पट्ट्यात वीरभद्र ज्यांचं कुलदैवत, त्यांच्याकडं लग्नाच्या आदल्या दिवशी गुग्गुळ निघतो. मडक्यांत निखाऱ्यांवर गुग्गुळ धुमसत असतो. ती मडकी डोक्यावर घेऊन घरची माणसं देवळापासून दारापर्यंत वाजतगाजत येतात आणि त्यांच्यापुढं तलवार धरून, देवाचं वर्णन गर्जत पुरवंत नाचतो. अनवाणी, दगडधोंड्यांत, टाच आपटून. पंचक्रोशीतल्या निम्म्या पोरी अप्पांनी नाचून सासरी पाठवल्या होत्या. अप्पा, म्हणजे रेवणसिद्धप्पा, येणार म्हटलं की हलगीवाला आधीच हलगी शेकायला बसायचा.

आणि माझं लग्न ठरलं, तेव्हा ह्याच माणसाला अंथरुणातून मोरीपर्यंत जाववत नव्हतं. सकाळी पहिलं पाऊल टेकलं की टाचेत खिळा शिरल्यासारखी कळ. चालून जरा सैल पडायची, बसून उठले की पुन्हा तेच. विटेचा शेक झाला, रुईची पानं झाली, बिब्बाही घालून झाला. बिब्ब्यानं तेवढी कातडी सोलून निघाली. शेवटी अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणाली, "देगलूरच्या मलप्पाला सांगावा धाडू का? तो बी पुरवंतच हाय." अप्पा दिवसभर जेवले नाहीत. एकुलत्या एका लेकीच्या गुग्गुळात दुसऱ्यानं नाचायचं, म्हणजे त्यांच्या लेखी बाप असून नसल्यासारखंच.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. "आता जिल्हा आपला, डागदर बी आपला," म्हणत अप्पा एस.टी.नं गेले आणि संध्याकाळी तणतणत परतले. "सुई न्हाई, गोळी न्हाई. भित ढकल म्हणतो. जिल्हा नवा, येडेपण बी नवंच."

डॉक्टरनं मात्र नीट करून दाखवलं होतं. आखडलेली पोटरी टाचेला ओढते, म्हणून पोटरी ताणायची. भिंतीला दोन्ही हात टेकायचे, दुखरा पाय मागं, गुडघा सरळ, टाच जमिनीला, आणि अंग हळूहळू पुढं झुकवायचं. मनात सावकाश आकडे मोजत तसंच थांबायचं. सकाळी उठण्याआधी अंथरुणातच पायाची बोटं हातानं आपल्याकडं ओढायची. एरवी पायात मऊ चप्पल. रोज करायचं, आणि गुण यायला महिना-दोन महिने लागले तरी सोडायचं नाही.

अप्पांनी घरात सुरुवात केली, तर अव्वा उसळली. आमची भिंत मातीची, पावसानं दोन वर्षं दडी मारलेली, पोतेरा सुद्धा बंद. "प्यायला पाणी न्हाई, पडली भित तर चिखल काय थुंकीनं कालवू?" मग अप्पा पहाटे वीरभद्राच्या देवळाची दगडी भिंत धरू लागले.

तिथं केवळाबाईनं त्यांना पाहिलं. गावात काय चाललंय ते सूर्याच्या आधी हिला कळायचं. "रेवणसिद्धप्पा, काय करायलाव?" आकडा चुकेल म्हणून अप्पा बोलले नाहीत. पुरवंत, देवाची भिंत आणि वर मौन, एवढं तिला पुरलं. दुसऱ्या दिवशी ती शेजारी उभी, पाय मागं टाकून, सुनेच्या बाळंतपणासाठी. आठवड्याभरात रांग लागली. कुणी पावसासाठी, कुणी जावयाची दारू सुटावी म्हणून. अप्पांनी घसा कोरडा करून सांगितलं, "अगं बाई, हे टाचेचं औषध हाय." केवळाबाई म्हणाली, "असू द्या की. भित तर देवाचीच हाय." अप्पांनी पुन्हा भिंतीला हात टेकले. पण एकट्यानं ते कधीच टिकवलं नसतं, हे मी पैजेवर सांगते. रांगेतला पहिला माणूस गैरहजर कसा राहणार?

हळूहळू कळ ओसरू लागली. अप्पा मोरीपर्यंत सरळ जायला लागले, मग पाण्याच्या टँकरपर्यंत. तरी नाचायचं म्हणजे वेगळं. लग्नाच्या आठवड्यात अव्वानं मला हळूच सांगितलं, मलप्पाला निरोप गेलाय. मला तिचा राग आला, आणि तिचंही खरं होतं.

गुग्गुळाच्या दिवशी सासरची मंडळी मुक्कामाला आली. मलप्पाही पोचला, तलवार घेऊन. अप्पांनी त्याला पाणी दिलं, बसवलं आणि तसेच देवळाच्या भिंतीला जाऊन टेकले. गाव सवयीनं मागं उभं राहिलं. माझे सासरे सिद्रामप्पा रीतीभातीला फार जपणारे. त्यांनी फेटा सावरला, पाय मागं टाकला आणि गंभीरपणे विचारलं, "आमी उजवा घ्यावा का डावा?" मग वरपक्ष अख्खा भिंतीला. मलप्पाही उठला. कुणी हसलं नाही. घरी मला हे कळलं तेव्हा हसून माझी मुंडावळी सुटली.

हलगी कडाडली आणि पुढं अप्पाच होते. देवळापासून आमच्या दारापर्यंत त्यांनी टाच उचलून धरली नाही, आपटली. दारात मलप्पा म्हणाला, "बस करा, रेवणसिद्धप्पा. आता तलवार मी धरतो."

"जरा थांब," अप्पा म्हणाले. घामानं भस्म ओघळत होतं. "लेक एकच हाय."

आणि त्यांनी पुन्हा फेर धरला. नवरीनं उंबऱ्याआड मान खाली घालून बसायचं असतं. मी उठले, उंबऱ्यावर आले आणि टाळ्या वाजवू लागले. सासूनं पदर ओढून मला बसवायला पाहिलं. मग तिनं पदर सोडला आणि तीही वाजवू लागली.